आयेशाचं उतरणं

विश्वंभर सरांच्या हाताखालून गेलेलं पोरगं भूमितीत नापास होत नाही, अशी हट्टा गावात त्यांची ख्याती होती. पोराला भूमिती येते का, हा प्रश्न वेगळा. तो सरांनी कधी स्वतःला विचारला नाही आणि गावानंही त्यांना विचारला नाही. पेपरात काय येतं, कितव्या प्रश्नात येतं आणि तपासणाऱ्याची नजर कुठं थांबते, हे सरांना तोंडपाठ. मग प्रमेय कळो न कळो, ते पोरांकडून घोटून घेत. निकालाच्या दिवशी पोरांचे बाप पेढे घेऊन यायचे. सर "मेहनत पोराची हाय" असं म्हणायचे आणि पुडा मात्र स्वतःकडं ओढून घ्यायचे.

पण सरांचा खरा जीव होता तो संध्याकाळच्या मैदानावर. गावातल्या मुलींची व्हॉलीबॉलची टीम त्यांनी उभी केली होती. ही टीम दरसाल जिल्ह्याच्या स्पर्धेत फायनलपर्यंत जायची आणि तिथं हरून परत यायची, तसा ठरावच झाल्यासारखी. उपविजेतेपदाच्या कपांना सरांच्या बायकोनं कपाटात जागा देणं बंद केलं होतं. एकात तर ती शेंगदाण्याचं कूट ठेवायची. सर वरवर हसायचे, पण जेवताना तो कप समोर आला की त्यांना लागायचं.

या वर्षी मात्र त्यांच्याकडं आयेशा होती. रोडवर वेल्डिंगचं दुकान चालवणाऱ्या मकबूलची ही धाकटी पोरगी. उंच, सडपातळ, बोलायला कमी. ती स्मॅश मारायला उडाली की मैदानाच्या कडेनं जाणारा माणूससुद्धा मोटारसायकल थांबवायचा. चेंडू पलीकडं आपटायचा, धुरळा उडायचा, आणि सरांना डोळ्यांसमोर मोठा कप दिसायचा. ज्यात कूट ठेवायची कुणाची छाती होणार नाही असा कप.

स्पर्धेला महिना राहिला असताना हिंगोलीहून निलम मॅडम आल्या. त्या फिजिओथेरपिस्ट. खेळणाऱ्या मुलींचे गुडघे दुखावल्यावर त्या दवाखान्यात येण्यापेक्षा आपणच आधी मैदानावर जाऊन बघावं, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. तपासणीसाठी त्यांना गुडघ्याच्या खाली येईल एवढ्या उंचीचा एक भक्कम बॉक्स लागत होता. तो मकबूलनं करून दिला, खाली लोखंडी चौकट आणि वर प्लायवूड. मग तोही पोरीला बघायला मैदानाच्या कडेला उभा राहिला.

बॉक्सवरून पुढं उडी घ्यायची, आखलेल्या रेषेपाशी दोन्ही पायांवर उतरायचं आणि उतरल्याबरोबर जमेल तेवढी उंच उडी मारायची. समोर एक मोबाईल, बाजूला एक मोबाईल. दोन्ही गुडघ्यांच्या वाटीवर लाल गोल कागद चिकटवलेले.

"एवढंच?" सरांनी विचारलं.

"एवढंच," निलम मॅडम म्हणाल्या. "मुली उडतात कशा ते सगळे बघतात. मला त्या उतरतात कशा ते बघायचंय."

पोरी हसत खिदळत एकेक करून उतरल्या. आधी प्रियंका उतरली. ती टीमची लिफ्टर, म्हणजे स्मॅश मारणारीला चेंडू वर उचलून देणारी. मॅडमनी मान डोलावली. बाकीच्याही बऱ्या निघाल्या. मग आयेशा उतरली आणि मॅडम पुढं झुकल्या. त्यांनी तिला पुन्हा उतरायला लावलं, मग आणखी एकदा, आणि मोबाईल घेऊन सरांजवळ आल्या.

"हळू करून दाखवते. बघा, इथं पाय टेकले. आता गुडघे बघा."

पाय टेकले आणि ते दोन लाल कागद एकमेकांकडं झुकले. कुजबुज करायला दोन बायकांनी डोकी जवळ आणावीत, तसे. मग आयेशा वर उडाली आणि चित्र सरळ झालं. डोळ्यांना दिसणार नाही एवढ्या वेळात हे घडून गेलं होतं.

"गुडघे आत पडतात हिचे," मॅडम म्हणाल्या. "आणि पाय न वाकवता ताठ उतरते. सगळा भार गुडघ्याच्या आत जी दोरी असते ना, लिगामेंट म्हणतो आम्ही, तिच्यावर येतो. माझ्याकडं येणाऱ्या मुली काय सांगतात माहितीये? कुणी धक्का दिला नाही, मी पडले नाही, नुसती उडी मारून खाली आले आणि आत काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. मग ऑपरेशन, मग कितीतरी महिने घरी. बऱ्याच जणी परत मैदानावर येतच नाहीत."

मकबूल पुढं आला. "म्हंजे हिचा तुटणार?"

"असं मी नाही म्हणणार, भाऊ. तुटेलच असं नाही. पण हिला धोका जास्त दिसतो. आणि हे सुधारता येतं."

मॅडमनी व्यायाम दाखवले. रबराची पट्टी पायांना अडकवून आडवं चालायचं, एका पायावर हळूहळू बसायचं, कंबर आणि मांड्या घट्ट करायच्या. रोज अर्धा तास. पूर्ण फरक पडायला दोनेक महिने लागतील, पण तीन आठवड्यांनी त्या परत येऊन बघणार होत्या. तोवर सराव हलका, आणि मॅच नाही.

"मॅडम, ही पोरगी रांगायची सुटली तवापासून उड्या मारून राहिली," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता, पण तो पोटातल्या भीतीचा होता.

मकबूलनं त्यांना पुढं बोलू दिलं नाही. "सर, मॅडम व्हय म्हणल्या तर खेळंल. न्हाई म्हणल्या तर न्हाई. आपल्याला चेंडू कळतो, गुडघा ह्यांना कळतो."

सरांनी दोन दिवस प्रामाणिकपणे व्यायाम घेतले. पायाला रबर अडकवून पोरी आडव्या चालायला लागल्या, तशी भिंतीवर बसलेली कारटी "खेकडे आले, खेकडे आले" म्हणून ओरडायला लागली. पोरी लाजल्या. आयेशा कंटाळली. अर्धा तास त्यातच जायचा आणि चेंडूला हात लागेपर्यंत ऊन उतरायचं. सरांचा जीव वर-खाली व्हायला लागला. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला भूमितीचा मास्तर जागा झाला.

पेपरात येतंय काय? त्यांनी स्वतःला विचारलं. बॉक्सवरून उतरणं. एवढंच ना? मग बॉक्सवरून उतरणं घोटून घेऊ. बाकीचा सिलॅबस कशाला?

पहिला बॉक्स मॅडम गाडीत टाकून पुढच्या गावाला घेऊन गेल्या होत्या. सर मकबूलच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "मकबूलभाई, अजून एक बॉक्स लागतो. आयेशाच्या गुडघ्यासाठीच." मकबूलनं हातातलं गेटचं काम बाजूला ठेवलं आणि त्याच दिवशी बॉक्स करून दिला. पोरींना लागू नये म्हणून त्याचे कोपरेसुद्धा घासून गुळगुळीत केले.

त्या दिवसापासून मैदानावर वेगळाच वर्ग भरला. सर बॉक्ससमोर उकिडवे बसायचे, नजर बरोबर आयेशाच्या गुडघ्यांवर. "अंगठ्याच्या वर गुडघा! वाक, वाक! आवाज न्हाई आला पायजे! पुन्हा!" आयेशा चढायची, उतरायची, चढायची, उतरायची. पहिल्या आठवड्यात तिचं अंग ताठायचं. दुसऱ्या आठवड्यात सरांना नुसत्या आवाजावरून कळायला लागलं की गुडघा आत गेला की नाही. तिसऱ्या आठवड्यात आयेशा मांजर पत्र्यावरून उतरावं तशी उतरायला लागली. सर खूष. इतकी हुशार विद्यार्थिनी त्यांना भूमितीतसुद्धा कधी मिळाली नव्हती.

निलम मॅडम ठरल्या दिवशी आल्या. आयेशा उतरली. लाल कागद जागच्या जागी राहिले. मॅडमनी तिला पुन्हा उतरवलं, पुन्हा बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"इतक्या लवकर एवढा फरक मी क्वचित बघितलाय. व्यायाम रोज केलेत ना?"

"रोज. एक दिवस खाडा न्हाई," सर म्हणाले.

आयेशानं सरांकडं बघितलं. सरांनी मोबाईलकडं बघितलं.

"मग खेळू द्या. पण व्यायाम सोडू नका."

मकबूलनं सरांचा हात दोन्ही हातांत धरला. "लय तकलीफ घेतली सर तुमी," तो म्हणाला. सरांना क्षणभर कसंनुसं झालं. पण ते क्षणभरच, कारण समोर स्पर्धा होती आणि आयेशा खेळणार होती.

दुसऱ्या दिवशी बऱ्याच काळानं पूर्ण सराव झाला. प्रियंकानं चेंडू उचलला, आयेशा उडाली, चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात दणकन आपटला. पोरी ओरडल्या. एरवी सरांची नजर चेंडूमागं गेली असती. पण तीन आठवडे उकिडवं बसून त्यांच्या डोळ्यांना एकच सवय लागली होती. नजर नेटच्या खालीच राहिली.

आयेशा डाव्या पायावर उतरली आणि गुडघा आत पडला.

सरांना वाटलं, भास झाला. त्यांनी पुन्हा चेंडू उचलायला लावला. पुन्हा तेच. पुन्हा. मॅडमच्या मोबाईलवर दिसलं होतं त्यापेक्षाही वाईट, कारण आता सगळा भार एकाच पायावर होता. त्यांनी तिला बॉक्सवरून उतरायला सांगितलं. ती मांजरासारखी उतरली, बिनचूक. मग स्मॅश मारायला सांगितलं. गुडघा आत. गणितातले आकडे बदलले की त्यांची पोरं जशी कोऱ्या चेहऱ्यानं बसायची, तसा तो गुडघा होता. बिचाऱ्याला फक्त एकच प्रश्न पाठ होता.

"आयेशा, बॉक्सवर कसं जमतं तुला?"

"मनात म्हणते सर, गुडघे बाहेर, गुडघे बाहेर. पर वर बॉल असला की म्हणायचं राहून जातं." मग जराशा काळजीनं तिनं विचारलं, "पास झाले ना पर मी?"

"झालीस," सर म्हणाले.

घरी येऊन त्यांनी मॅडमना लावायला फोन हातात घेतला आणि परत ठेवला. सांगायचं काय? की व्यायाम केलेच नाहीत? की खोटं बोललो? आणि मॅडमच तर म्हणाल्या होत्या, तुटेलच असं नाही. त्या बाईनं खरेपणानं सांगितलेलं ते वाक्य सरांनी दोन दिवस उशाला घेतलं. ते टोचत होतं, तरी काढवेना.

हिंगोलीच्या मैदानावर हट्ट्याच्या पोरी भल्या खेळल्या. सरळ फायनलला गेल्या. समोर कनेरगाव नाक्याची टीम होती, दांडग्या पोरींची. मकबूल दुकान बंद करून आला होता आणि दोरीच्या पलीकडं उभा राहून टाळ्या वाजवत होता. पहिला सेट हट्ट्यानं घेतला, दुसरा गेला, तिसऱ्यात पुन्हा पुढं. एवढी गर्दी होती, आणि त्यात चेंडूकडं न बघणारा एकच माणूस होता. टाइमआऊटला सरांनी प्रियंकाला विचारलं, "किती झाले?" पोरी हसल्या. त्यांना वाटलं, सर गंमत करून राहिलेत.

सरांना खरंच ठाऊक नव्हतं. आयेशा उडाली की त्यांचे डोळे तिच्या गुडघ्यावर खिळायचे आणि ती नीट उभी राहिली की सुटायचे. प्रत्येक स्मॅशला तेच. लोक पॉइंट मोजत होते आणि सर मनातल्या मनात म्हणत होते, हा एक झाला, आता पुढचा.

शेवटाकडं एक चेंडू जरा मागं आला. आयेशानं हवेत अंग वळवून तो मारला, पॉइंट मिळाला, मकबूलनं शिट्टी घातली. उतरताना तिचा डावा गुडघा पार आत गेला. ती डगमगली, सावरली, पाय एकदा झटकला आणि जागेवर जाऊन उभी राहिली. काहीसुद्धा झालं नव्हतं.

सर उठले आणि त्यांनी बदली खेळाडू मागितली.

"आयेशा, बाहेर ये."

"काहून सर? जिंकून राहिलो ना आमी!"

"बाहेर ये म्हणलं ना."

ती कडेला आली, पण बाकावर बसेना. तिचे डोळे भरले होते. "माझं काय चुकलं ते सांगा. गुडघ्याचं असंल तर मॅडमनी पास केलंय मला."

"मॅडमनी न्हाई केलं, मी केलं," सर म्हणाले. "पास व्हायला लागतं तेवढंच शिकवलं तुला. उतरायचं शिकवलंच न्हाई."

आयेशा बाकाच्या टोकाला जाऊन बसली. पंचांनी शिट्टी वाजवली आणि खेळ पुढं सुरू झाला.

आता इथं प्रियंकानं किंवा दुसऱ्या एखादीनं जीव तोडून मॅच काढली असती, तर सांगायला बरं वाटलं असतं. पण हट्टा हरलं. थोडक्यात हरलं, आणि थोडक्यात हरलेलं जास्त दुखतं. परतताना बाकीच्या पोरी जीपमध्ये बसल्या. आयेशा बापाच्या मोटारसायकलवर बसून गेली.

गावानं सरांना सोडलं नाही. चहाच्या टपरीवर लोक त्यांच्या तोंडावर विचारायचे, जिंकणाऱ्या पोरीला काढायची बुद्धी कुठून झाली? सर सांगायचा प्रयत्न करायचे, पण न तुटलेला गुडघा दाखवणार कसा? तो तुटला असता की नाही, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. त्यांनाही नाही.

मकबूलच्या दुकानात मात्र ते आपणहून गेले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मकबूलनं मशीन बंद केलं, डोळ्यांवरची काळी काच वर केली आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"दुसरा बॉक्स माझ्याच हातानं बनवून घेतला तुमी," तो म्हणाला.

सर खाली मान घालून उभे होते. "रागवा मकबूलभाई. बोला काय बोलायचं ते."

"रागवूनच राहिलो ना. अजून काय करू?" मकबूलनं हातातली सळई उगाच इकडची तिकडं ठेवली. मग म्हणाला, "पर काढलं बी तुमीच. पोरगी आपल्या पायानं घरात आली." आणि त्यानं काच खाली ओढून मशीन सुरू केलं.

निलम मॅडमना फोन करायला सरांना त्याहून जास्त धीर लागला. त्यांनी व्यायामाचं खोटं कबूल केलं. मॅडम म्हणाल्या, "सर, ही तपासणी म्हणजे परीक्षा नाही हो. हिच्यात नापास होणाऱ्याचाच फायदा असतो. आणि चूक माझीही आहे. मी तिला खेळताना बघायला हवं होतं. पुढच्या वेळी चेंडूसकट बघू. तोवर व्यायाम करा. या वेळी खरे."

सरांनी खरे केले. रोज अर्धा तास पोरी रबर अडकवून आडव्या चालायच्या, भिंतीवरची कारटी ओरडायची, आणि सर स्वतःही पायाला रबर अडकवून त्यांच्यापुढं चालायचे. त्यामुळं कारट्यांना दुप्पट मजा आली. सरांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. वाटायचं ते एकाच गोष्टीचं. आयेशा येत नव्हती. तिच्यावाचून मैदान त्यांना भकास दिसायचं. तिच्या घरी जावं असं रोज मनात यायचं आणि पाय उचलायचा नाही.

मग एका संध्याकाळी ती आली. सरांकडं न बघता तिनं रबराची पट्टी उचलली, पायांना अडकवली आणि रांगेच्या शेवटी आडवी चालायला लागली. दुसऱ्या दिवशीही ती आली. तिसऱ्या दिवशीही. असे कितीतरी आठवडे गेले. ती व्यायाम करायची आणि चेंडूला हात न लावता घरी जायची.

एके दिवशी व्यायाम संपल्यावर ती नेटपाशी थांबली. प्रियंकानं चेंडू हातात घेऊन सरांकडं बघितलं. सरांनी मान हलवली. "लय उंच न्हाई. हळू."

प्रियंकानं चेंडू उचलला. आयेशा उडाली, मारला आणि उतरली. पोरींनी ओरडायला तोंडं उघडली होती, पण आयेशा सरांकडं वळली.

"आत पडला?"

सरांच्या तोंडात "न्हाई" आलंच होतं. इतक्या दिवसांनी पोरीनं चेंडूला हात लावला होता. तिला खूष करायला एक शब्द पुरला असता. त्यांनी तो गिळला.

"पडला," ते म्हणाले. "पयल्यापेक्षा कमी. पर पडला."

आयेशा कितीतरी दिवसांनी हसली. तिनं चेंडू आणून प्रियंकाच्या हातात दिला आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

"तुमी गुडघ्याकडं बघा सर," ती म्हणाली. "बॉलकडं मी बघते."

सर उकिडवे बसले.